कानठळ्या बसणे आणि दडे बसणे

अनुस्वार:
एका अनुवादात वाक्य आलंय: ‘विमान उतरू लागलं तशा त्याच्या कानठळ्या बसल्या.’ इथे ‘दडे बसले’ हवं ना? की दोन्ही चालतं?

वेलांटी:
दडेच हवेत. दोन्हीकडे ‘बसणे’ असल्यामुळे गल्लत होत असावी. कानठळ्या बसायला प्रचंड आवाज लागतो. दड्यांना हवेचा दाब बदलला की पुरतं.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्णाची पोकळी असते, हवेने भरलेली. तिथून एक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो, तेवढ्यात आतबाहेरचा दाब सारखा होतो. तसं झालं नाही तर पडदा एका बाजूला ताणून राहतो, नीट थरथरत नाही आणि समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं.

अनुस्वार:
मग विमान चढताना एवढा त्रास का होत नाही?

वेलांटी:
चढताना आतली जास्तीची हवा आपणच नळी ढकलून बाहेर पडते. उतरताना उलट: आतला दाब कमी, त्यामुळे नळीच्या मऊ भिंती एकमेकींना आणखी चिकटतात. म्हणून दडे बसायची वाट न बघता, विमान खाली येऊ लागलं की गिळत राहायचं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा ढकलली तरी ‘पट्’ होऊन कान मोकळा होतो, पण अगदी हलकेच. जोर केला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. सर्दी असताना तर हे करूच नये, शेंबूड मध्यकर्णात जातो.

काकपद:
अंघोळीनंतर मळ फुगून कान बंद होतो, त्यालाही लोक दडे बसणेच म्हणतात. वापर म्हणून चूक नाही. फक्त तिथे नाक दाबून काही होणार नाही, कारण अडथळा पडद्याच्या बाहेर आहे. कापसाची काडी घातली की मळ ठासून आणखी आत जातो.

आता कानठळ्या. मोठा आवाज आला की मध्यकर्णातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाला जोडलेला चिमुकला स्नायू आखडतो आणि तिथल्या हाडांची हालचाल आवळतो. पण त्याला सेकंदाचा दहावा भागही लागू शकतो. फटाका त्याच्या आत वाजून गेलेला असतो! तो धक्का थेट आतल्या कानातल्या शंखाकृती नलिकेतल्या केसपेशींवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींवर बसतो. एका कानात त्या साधारण पंधरा हजार, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पहिला फटका बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना बसतो, म्हणून बोलणं ऐकू येतं पण ‘स’, ‘श’ निसटतात.

अनुस्वार:
आणि नंतर जो ‘कुईंऽ’ आवाज येतो तो?

काकपद:
ते कान वाजणे. बाहेर आवाज नसतो, तरी ऐकू येतो. ‘कान किटणे’ मात्र या यादीत नको, तिथे कान ठणठणीत असतो.

वेलांटी:
एक भर. सर्दी नाही, प्रवास नाही, आणि एकाच कानात अचानक ‘दडे बसले’ असं वाटलं तर शब्दावर विसंबू नका. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असं गुणगुणा. बंद वाटणाऱ्या कानात गुणगुण मोठी ऐकू आली तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानाकडे सरकली तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असण्याची शक्यता जास्त. ही घरगुती चाचणी आहे, निदान नव्हे. निकाल काहीही येवो, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. नसेमुळे अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइड देतात, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. थेंब टाकत बसलात तर तेवढे दिवस वाया जातात.