मदत हवी आहे: ही नक्षी केल्टिक की नाही?

जाईजुई: मुलाच्या प्रोजेक्टमध्ये तीन भोवऱ्यांच्या नक्षीखाली मी ‘केल्टिक’ लिहून दिलं. बाईंनी लाल पेनाने गोल करून ‘नक्की?’ विचारलंय. इथे तर दुकानात मगवर, कानातल्यांवर हीच नक्षी केल्टिक म्हणून मिळते. उद्या सकाळी द्यायचंय. हो की नाही, एवढंच सांगा.

कोकणकडा: इथे म्हणजे कुठे? मूळ नक्षी कशावर आहे?

मालवणी_मेवा: भाषा आणि लोक केल्टिक, ग्लासगोचा फुटबॉल क्लब मात्र सेल्टिक. बरेच जण चुकतात.

जाईजुई: उच्चार नाही हो विचारला! डब्लिन. फोटो न्यूग्रेंजच्या, म्हणजे इथल्या प्राचीन थडग्याच्या, दगडाचा आहे.

कोकणकडा: हे आधी सांगायचं ना. बाई बरोबर आहेत. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, केल्टिक भाषा आयर्लंडला पोचल्या त्या फार नंतर. आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणतात, तसंच. अंबरनाथचं देऊळ १०६० चं, हेमाद्री तेराव्या शतकातला.

शिंपला: मुळात दगडाला केल्टिक म्हणूच नये. सीझरचे केल्ट गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका घराण्यात बसवल्या एडवर्ड ल्हुइड या वेल्श अभ्यासकाने, १७०७ मध्ये. तो शब्द भाषेपुरताच ठेवावा.

मालवणी_मेवा: मग स्पेनमधल्या गॅलिसियाचं काय? तिथे आज केल्टिक भाषा कुणी बोलत नाही, तरी फ्रान्समधल्या लोरियांच्या केल्टिक महोत्सवात त्यांना मान असतो. त्यांची गाइता, म्हणजे बॅगपाइप, मी समोर बसून ऐकलीय, अंगावर काटा येतो. ते स्वतःला केल्टिक मानतात, त्यांना नाही म्हणणारे आपण कोण?

शिंपला: मानू देत की. पण त्यांच्या मानण्याने पाच हजार वर्षांपूर्वीचा दगड केल्टिक होत नाही.

भटक्या_७६: न्यूग्रेंजला २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाचं ऊन थेट आतल्या खोलीत येतं. आत जायला सोडत असते, अर्ज जरूर भरा.

जाईजुई: सोडतीचं नंतर बघते. ‘नवाश्मयुगीन’ लिहिते. पण पुढच्या पानावर बुक ऑफ केल्स या जुन्या हस्तलिखित ग्रंथातली गाठींची नक्षी आहे, तिथेही केल्टिकच लिहिलंय!

कोकणकडा: तेही खोडा. ग्रंथ साधारण ८०० चा, आणि त्या वेलबुट्टीत अँग्लो-सॅक्सन हातही आहे.

शिंपला: अजिबात खोडू नका. ज्या मठांच्या परंपरेतला तो ग्रंथ, तिथले भिक्षू आयरिश बोलायचे. इथे शब्द शोभतो.

जाईजुई: दोघांनी मिळून एक काय ते ठरवा, ते पान चिकटवूनही झालंय.