सल्ला हवा: क्रिकेटवेड्या बाबांना ऑस्टिनमध्ये बेसबॉल कुठे दाखवू?

रानजाई
नमस्कार मंडळी. आईबाबा मार्चमध्ये दादरहून येताहेत. बाबा ७१ वर्षांचे. तरुणपणी कांगा लीगमध्ये क्लबचे स्कोअरर होते, आणि अजूनही टीव्हीवर मॅच लागली की मांडीवर वही असतेच. गेल्या खेपेला त्यांना घरी बेसबॉल लावून दिला, तर वीस मिनिटांत "सगळे फुलटॉसच टाकतायत" म्हणून घोरायला लागले. या वेळी मैदानावरच न्यायचं ठरवलंय. राउंड रॉकचं डेल डायमंड घराजवळ आहे. दुसरा पर्याय म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससचं डिश-फॉक फील्ड. नवरा म्हणतो, कॉलेजच्या पोरांचा खेळ कशाला बघायचा? आईला खेळात रस नाही, ती सोबत म्हणून येणार.

भालू
डेल डायमंड, डोळे मिटून. खेळाडू व्यावसायिक, आउटफिल्डमागे हिरवळीचा उतार, चादर टाका आणि बसा. आमची पोरं तिथे तीन तास लोळतात. फक्त त्यांचा मोसम मार्चच्या शेवटी सुरू होतो, तेवढं बघून घ्या.

कंदीपेढा
भालू, तुमची पोरं पाच वर्षांची आहेत हो. यांचे बाबा कांगा लीगवाले!

रानजाई, डिश-फॉकलाच जा. कॉलेजचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होतो, त्यामुळे मार्चमध्ये रंगात आलेला असतो. शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच संघाशी तीन सामन्यांची मालिका असते. मंगळवारच्या सामन्याला गर्दी कमी, तिकीटही बहुधा स्वस्त. पहिल्यांदा जाताय तर मंगळवार बरा.

आणि बाबांना आधी मैदानाची गोष्ट सांगा, म्हणजे झोपणार नाहीत. डिश आणि फॉक हे दोन प्रशिक्षक, गुरू आणि शिष्य. बिली डिश १९११ ते १९३९ इथे शिकवत होते. बिब फॉक ऑस्टिनचाच पोरगा, डिशच्या हाताखाली खेळला आणि १९२० मध्ये थेट शिकागो व्हाइट सॉक्समध्ये गेला. त्याच वर्षी मॅच फिक्सिंगचं ते गाजलेलं प्रकरण फुटलं, 'शूलेस' जो जॅक्सनसकट अर्धा संघ घरी बसला, आणि जॅक्सनची डाव्या आउटफिल्डमधली जागा फॉकला मिळाली. बारा मोसमांत सरासरी .३१४. (बाबांना आधीच सांगा की दशांश चिन्ह योग्य जागी आहे: शंभर वेळा खेळून साधारण ३१ यशस्वी फटके, बेसबॉलमध्ये ही उत्तम सरासरी.) पुढे तो गुरूच्याच खुर्चीवर आला आणि १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

हे दोघे ज्या मैदानावर शिकवायचे ते मात्र हे नव्हे. १९२८ पासूनचं जुनं क्लार्क फील्ड कॅम्पसवर होतं, आणि त्याच्या आउटफिल्डमध्ये चक्क चुनखडीचा कडा होता! सीमारेषेबाहेर नाही हां, खेळाच्या हद्दीत. लोक त्याला बिली गोट हिल म्हणायचे. चेंडू वर गेला की फिल्डरने पायवाटेने शेळीसारखं चढून तो शोधायचा, तोवर फलंदाज चारही बेस, म्हणजे धावायचे चार टप्पे, पळून परत, धाव पूर्ण. पाहुण्या संघांची काय तारांबळ उडत असेल! यजमानांना ती वाट पाठ. आज त्या जागी बास कॉन्सर्ट हॉल आहे.

टेकडीवरचा
+१. माझ्या मते तो कडा पाडायलाच नको होता. आपल्याकडे मैदानात झाड आलं तर लोक नियम बदलतात, झाड नाही.

रानजाई
कड्याचं आत्ताच बाबांना व्हॉट्सॲपवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "तो फोर धरायचे की सिक्स?"

चौकोनी_वर्तुळ
गोष्ट सांगताय तर पुढचीही सांगा. डिश-फॉक १९७५ ला सुरू झालं, आय-३५ हायवेच्या पूर्वेला. १९२८ च्या नगर आराखड्याने कृष्णवर्णीय कुटुंबांना शहराच्या त्याच बाजूला ढकललं होतं. नंतर विद्यापीठाला जागा कमी पडू लागली, तेव्हा 'नूतनीकरणा'च्या नावाखाली तिथलीच घरं घेतली गेली. मी सामने आवडीने बघतो, पण गाडी लावून मॅनर रोडने चालत जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

कंदीपेढा
बरोबर आहे तुमचं, माझ्याकडून राहिलं.

नव्या मैदानाचा पायगुण म्हणा हवं तर: पहिल्याच मोसमात, १९७५ ला, प्रशिक्षक क्लिफ गुस्टाफसनच्या टेक्सस संघाने ५९ सामने जिंकले, ६ हरले आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. १९८३ मध्ये पुन्हा, तेव्हा अंतिम सामन्यात गोलंदाजीला रॉजर क्लेमेन्स. नंतर २००२ आणि २००५, प्रशिक्षक ऑगी गॅरिडोच्या काळात. जुन्या दोन धरून एकूण सहा.

रानजाई
नवराही आता यायला तयार झालाय. व्यवहाराचं सांगा ना. ऊन? आईची पर्स?

भालू
हरलो बुवा. प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो ती जागा) मागच्या वरच्या रांगांवर छप्पर आहे, तिथली तिकिटं काढा. पर्सला पारदर्शक पिशवीचा नियम आहे, त्यामुळे चिवड्याचा डबा गाडीतच राहू दे. आय-३५ चं काम चालू आहे, अर्धा तास जास्तीचा धरा. आणि कॉलेजवाले धातूची बॅट वापरतात, आवाज 'ठक्' नाही, 'टण्ण' येतो. पितळी तांब्यावर चमचा मारल्यासारखा. पहिल्यांदा आई दचकेल.

टेकडीवरचा
सगळ्यात महत्त्वाचं कोणी सांगितलंच नाही. बाबांना स्कोअरशीट छापून न्या! प्रत्येक फिल्डरला आकडा असतो: गोलंदाज १, कॅचर २, पहिली बेस ३, दुसरी ४, तिसरी ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघे बाद: लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउटला (फलंदाज तीन स्ट्राइक होऊन बाद) इंग्रजी के. फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा काढायचा. माझे सासरे पहिल्या दोन इनिंग कुरकुरत होते. तिसऱ्या इनिंगला पहिला उलटा के काढला आणि मला म्हणाले, "मध्ये बोलू नका, माझं चुकतंय."

आणि याच मैदानावर ३० मे २००९ ला टेक्सस आणि बॉस्टन कॉलेजचा सामना २५ इनिंग चालला. नऊचा सामना, पंचवीस! सात तास तीन मिनिटं, आणि टेक्सस ३-२ ने जिंकलं. ऑस्टिन वुड नावाचा पोरगा राखीव गोलंदाज म्हणून आला आणि १३ इनिंग, १६९ चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. त्या रात्री ज्याने वही भरली असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

रानजाई
झालं, मंगळवारची चार तिकिटं काढली, छपराखालची. स्कोअरशीटचा फोटो बाबांना पाठवला होता, उत्तर आलं: "कोरी पानं दहा छाप. पंचवीस इनिंग झाल्या तर?"

टेकडीवरचा
दोन पेन्सिली आणि खोडरबर विसरू नका. पेनने लिहिलंत तर पहिल्याच दिवशी रडाल.