मदत हवी आहे: थिंकपॅड टी ४३० लॅपटॉपच्या पाठीवरचं, म्हणजे खालच्या बाजूचं, काय काय आहे?

कोल्हापुरात जुना घेतलाय, सोबत कागदपत्र काही नाही. रॅम वाढवायची आणि आतली धूळ काढायची आहे.

बॅटरीच्या दोन सरकत्या कड्या कळल्या, एक सरकवल्यावर तिथंच राहते, दुसरी स्प्रिंगनं मागं येते. जाळी पंख्याची, एवढं गृहीत धरतोय. अडलंय ते पुढं. एक लांबट खाच आहे, आत बारीक संपर्कपट्ट्या, डॉकिंगचीच ना ती, म्हणजे लॅपटॉप स्टँडवर बसवून जोडायची? आणि थेंबाची खूण असलेली भोकं. कीबोर्डवर सांडलेलं पाणी इथनं बाहेर जातं असं वाचलं, पण राजारामपुरीतल्या एका दुकानात म्हणाले, "टेप मारा, धूळ जाईल आत." मला ते पटलं नाही.

काही स्क्रूंशेजारी कीबोर्डचं बारीक चित्र कोरलंय, काहींशेजारी काहीच नाही. बॅटरी आणि चार्जर काढून झालंय, स्क्रू अजून एकही फिरवलेला नाही. ओळखायला स्टिकर बघितलं तर अक्षरं पुसलेली. फुली स्क्रूड्रायव्हर आहे, दुसरी हत्यारं नाहीत. पावसाळ्यात पुण्याला न्यायचं जमणार नाही.

रॅमसाठी फक्त खालचं छोटं झाकण उघडून भागतं, की चित्रवाले स्क्रू काढून कीबोर्डही उचलावा लागतो?