युद्धाची बातमी दाखवली वाहिनीने, बोलावणं राजदूताला: असं का?

उंबरठा
ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचं सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसलं. त्यांच्याबरोबर इटलीच्या 'राय' या सरकारी वाहिनीचे वार्ताहर सुद्झा गावात जाऊन आले आणि १६ ऑगस्टला मॉस्कोत इटलीच्या राजदूतांना पाचारण झालं. इटलीचं म्हणणं, रायचं संपादकीय काम स्वतंत्र आहे, सरकारचा त्यात हात नाही. रशियाला हे ठाऊक नसेल असं थोडंच आहे! मग राजदूताला बोलावून साधतं काय? आणि वार्ताहरांना सरळ हाकलून का दिलं नाही? या पायऱ्या प्रत्यक्षात कशा चढतात, ते जाणकारांनी सांगावं.

निळी शाई
दुसरा प्रश्न आधी घेतो. हाकलायला माणूस तुमच्या हद्दीत, तुमच्या व्हिसावर असावा लागतो. रायचे लोक युक्रेनच्या बाजूने आत शिरले आणि त्याच बाजूने परत गेले. रद्द करायला रशियाकडे काही नव्हतंच. उरलं फौजदारी कलम. रशियाच्या दंडसंहितेतलं कलम ३२२, म्हणजे बेकायदा सीमा ओलांडणं, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद. गंमत अशी की या कलमाला बातमीशी काही देणंघेणं नाही. खोटं दाखवलं की खरं, हा वादच निघत नाही. पुढे सीएनएनच्या वार्ताहरावरही याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. रायने सुरक्षेचं कारण देऊन आपल्या चमूला मायदेशी बोलावून घेतलं. म्हणजे कोणाला हात न लावता काम झालं.

आता पाचारण. राजदूताला परराष्ट्र खात्यात बोलावतात, तोंडी निषेध नोंदवतात, बरेचदा हातात खलिताही देतात, आणि बहुधा त्याच दिवशी पत्रक निघतं. पत्रक घरच्या प्रेक्षकांसाठी असतं, खलिता फायलीसाठी. उद्या त्या देशाच्या दुसऱ्या वार्ताहराचा व्हिसा अडवायचा झाला तर 'आम्ही आधीच बजावलं होतं' म्हणायला कागद तयार! खर्च शून्य, आणि मागे घ्यावं लागेल असं यात काहीच नाही. म्हणून पहिली पायरी जवळजवळ नेहमी हीच.

तळटीप
वरच्याशी सहमत, पण पाचारणाला फार महत्त्व देऊ नका. खरी दोरी अधिस्वीकृतीची, म्हणजे वार्ताहर म्हणून काम करायच्या सरकारी परवानगीची. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ९, कारण न देता 'नकोसा' ठरवून घालवणं, हे राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी आहे. वार्ताहर त्यात बसत नाही. तो असतो साधा परदेशी नागरिक, हातात व्हिसा आणि यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याचं अधिस्वीकृतीपत्र. त्याला घालवायला हद्दपारीचा हुकूम काढला तर गाजावाजा होतो. नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर पडू दिला तर मुदत संपते आणि तो आपणहून निघतो. २०२२ नंतर रशियाने 'अमित्र' देशांच्या वार्ताहरांची मुदत वर्षावरून तीन महिन्यांवर आणली. दर तीन महिन्यांनी अर्ज करायचा म्हटल्यावर काय लिहावं, काय वगळावं, हे संपादक आपणच ठरवू लागतो.

जशास तसे कसं चालतं याचा स्वच्छ नमुना म्हणजे जर्मनी. २ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या माध्यम नियामकांनी आरटी या रशियाच्या सरकारी माध्यमाच्या जर्मन वाहिनीवर बंदी घातली. कारण जर्मन परवाना नव्हता, वाहिनी सर्बियाचा दाखवत होती. दुसऱ्याच दिवशी रशियाने डॉइचे वेले या जर्मनीच्या सरकारी पैशावरच्या वाहिनीचं मॉस्को कार्यालय बंद करण्याची आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची अधिस्वीकृती काढून घेण्याची घोषणा केली. तेव्हा युद्ध सुरू व्हायला तीन आठवडे होते. युद्ध लागल्यावर आकडे फुगले. युरोपीय संघाने रशियाच्या आणखी माध्यमांवर घातलेली बंदी २५ जून २०२४ ला अमलात आली, त्याच दिवशी रशियाने संघातली ८१ माध्यमं अडवली.

उंबरठा
म्हणजे सरकारी पैशावर चालणारी वाहिनी आणि खाजगी वाहिनी यात फरकच करत नाहीत?

तळटीप
सोयीने करतात. कॅनडाच्या नियामकाने मार्च २०२२ मध्ये आरटीला केबलवरून उतरवलं. मे महिन्यात रशियाने सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीचं मॉस्को कार्यालय बंद केलं. सीबीसीचा त्या निर्णयात काडीचा हात नव्हता, पण तोलायला तेच वजन हाताशी होतं. जशास तसेमध्ये दोष कोणाचा हे बघत नाहीत, तुमचं काय आमच्या आवाक्यात आहे ते बघतात.

उलट बाजूही आहे. इस्रायलने १ एप्रिल २०२४ ला परदेशी वाहिन्यांसाठी कायदा केला आणि ५ मे रोजी त्याखाली अल जझीराचं काम थांबवलं. ती कतारची. २१ मे रोजी त्याच कायद्याखाली स्देरोत गावात एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेचा कॅमेरा जप्त झाला, कारण एपीची थेट दृश्यं अल जझीराही विकत घेत होती. अमेरिकेने आक्षेप घेतला आणि सामान त्याच दिवशी परत मिळालं. एकच कायदा, मागे उभा असलेला देश वेगळा.

आतला कप्पा
अटकेचा मुद्दा राहिलाच. वार्ताहर कोठडीत गेला की वाणिज्यदूताची (परदेशात आपल्या नागरिकांची काळजी घेणाऱ्या अधिकाऱ्याची) भेट हेच सौद्याचं नाणं होतं. वाणिज्यदूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ फक्त 'विनाविलंब' म्हणतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा वेगळा करार जास्त नेमका आहे: अटक १ ते ३ दिवसांत कळवायची, भेट २ ते ४ दिवसांत द्यायची. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी दैनिकाचे इव्हान गर्शकोविच यांना २९ मार्च २०२३ ला रशियातल्या येकातेरिनबुर्गमध्ये पकडलं. रशियाची रीतसर अधिस्वीकृती त्यांच्याकडे होती, तरी आरोप हेरगिरीचा. अमेरिकी राजदूतांची पहिली भेट झाली १७ एप्रिलला. मग रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत गेले तेव्हा सोबतच्या रशियन पत्रकारांना अमेरिकेने व्हिसा दिले नाहीत. त्याचं उट्टं म्हणून ११ मेची पुढची भेट नाकारली गेली. सुटका १ ऑगस्ट २०२४ ला, तुर्कस्तानात अंकाऱ्याला झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत.

एक गैरसमज नेहमी दिसतो, तो खोडून टाकतो. 'पत्रकाराला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो' हे सरसकट खरं नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार तो सैन्याच्या परवानगीने सैन्यासोबत असलेल्या युद्धवार्ताहराला मिळतो. स्वतंत्र फिरणारा वार्ताहर जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ७९ प्रमाणे नागरिक. त्याच कलमात ओळखपत्राची सोय आहे, पण ते ओळख पटवतं, प्रवेशाचा हक्क देत नाही. सैन्यासोबत सीमा ओलांडली म्हणून कलम ३२२ टळत नाही, ते याचमुळे.

चौथा मजला
सगळी उदाहरणं वैरी देशांची आली. मित्र देशही चिमटा काढतात, फक्त आवाज होऊ देत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेनचं खेरसोन शहर रशियाच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर काही वार्ताहर परवानगीआधीच शहरात पोचले. युक्रेनने सीएनएन आणि स्काय न्यूजसकट काहींची अधिस्वीकृती काढली आणि पुढे परतही दिली. राजदूतांना पाचारण वगैरे काही नाही.

वार्ताहर पाठवणाऱ्यांनी आधी एकच प्रश्न सोडवावा: आत कुठल्या बाजूने शिरायचं? वादातल्या भूभागात शिरतानाची बाजू हीच एक राजकीय कबुली मानतात. रशियाने ताब्यात घेतलेल्या क्रिमियात रशियाकडून गेलं तर युक्रेनच्या कायद्याने ती बेकायदा एंट्री. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात वादात असलेल्या नागोर्नो-काराबाखमध्ये आर्मेनियाकडून गेलेल्यांची नावं अझरबैजान 'अनिष्ट' यादीत टाकत असे. आणि यादीतल्या माणसाने तिसऱ्या देशात उतरतानाही जपावं. अशा एका ब्लॉगरला डिसेंबर २०१६ मध्ये बेलारूसने पकडलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अझरबैजानच्या हवाली केलं होतं. तेव्हा परतीच्या तिकिटात विमान कुठे बदलायचं आहे, तेही निघण्याआधी वकिलाला दाखवून घ्या.