राज्यनिहाय बंदी आणि शिनोळीची वाट
पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून सरसकट बंदी घालण्याऐवजी हा विषय राज्यांवर सोडायला हवा होता, हे या कायद्यावर आक्षेप घेताना आपण मांडलेले मत कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात राहणाऱ्याला पटणे कठीण आहे. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशा राज्यापुरत्या बंदीचा प्रयोग केलाच होता. तेव्हा फॅन्टसी क्रिकेटची (खऱ्या खेळाडूंतून आपला संघ निवडून त्यावर पैसे लावण्याची) काही अ‍ॅप्स मोबाइलचे लोकेशन पाहून बेळगावात पैसे स्वीकारत नसत. म्हणून आमच्याकडची पोरे सीमेजवळचे बाची गाव ओलांडून शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत जात, रस्त्याकडेला दुचाकी लावून संघ निवडत आणि चहा पिऊन परतत. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी रद्द केल्या, तेव्हा त्यांचे पेट्रोल तेवढे वाचले. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांतला फरक नव्या कायद्याने पुसून टाकला, हा आपला दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे.