शब्दचर्चा: सूर्यघड्याळातल्या त्या तिरक्या भागाला काय म्हणायचं?

तळटीप:
एका मोठ्या सूर्यघड्याळाच्या माहितीफलकाचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणायचा आहे. विषुववृत्ताला समांतर चाप (ज्यावर सावली पडते आणि वेळ वाचायची तो), त्रिज्या दीड मीटर, जागा पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ अंश उत्तर. मूळ मजकुरातल्या ‘नोमॉन’ला, म्हणजे सावली टाकणाऱ्या भागाला, ‘शंकू’ लिहिलं. तपासणाऱ्याचा शेरा आला, ‘शंकू म्हणजे आइस्क्रीमचा कोन, इथे तर त्रिकोणी पत्रा आहे.’ मग ‘काटा’ केलं. त्यावर शेरा, ‘काटा फिरतो, हा जागचा हलत नाही.’ मजकूर ग्रॅनाइटवर कोरला जाणार, म्हणजे नंतर खाडाखोड नाही. काय लिहू?

ओळंबा:
शंकूच. शाळेच्या भूमितीने तो शब्द आइस्क्रीमवाल्याला दिला म्हणून आपण का सोडायचा? संस्कृतात शंकू म्हणजे खुंटी, खिळा, मेख. ज्योतिषात बारा अंगुळांचा शंकू सपाट जागी उभा करतात. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, भर दुपारी त्याची सावली जितकी अंगुळं पडेल ती त्या गावाची पलभा. पलभेला बाराने भागलं की अक्षांशाचा टॅन हाती येतो. पुण्याला पलभा ४ अंगुळं, नागपूरला साडेचारच्या थोडी वर, उज्जैनला ५ च्या थोडी वर. एवढी घराणेदार परंपरा असताना नवा शब्द पाडायची गरज नाही.

उपच्छाया:
परंपरा घराणेदार आहे, पण घराणं वेगळं. शंकू ओळंब्यात उभा असतो आणि त्याच्या सावलीचं टोक बघायचं असतं, कुठवर आलं आणि कुठल्या दिशेला. तुमच्या यंत्रातला पत्रा ध्रुवाकडे तिरका आहे. त्याच्या सावलीचं टोक वेळ सांगत नाही, सावलीची कड सांगते. टोक ऋतूप्रमाणे चापावर उत्तर-दक्षिण सरकतं, कड मात्र त्या वेळेला वर्षभर त्याच रेघेवर येते. फलकावर ‘शंकूची सावली पाहा’ लिहिलंत तर निम्मे लोक टोक शोधतील आणि घड्याळ बिघडलंय म्हणतील.

ओळंबा:
मग पर्याय द्या ना.

उपच्छाया:
‘ध्रुवधार’. किंवा नुसती ‘धार’. काम पत्रा करत नाही, त्याची धार करते.

गिलावा:
कुठली धार? पत्र्याला दोन असतात. सगळी गोची तिथे होते. पत्रा १० मिमी जाड असेल तर सकाळी पश्चिमेकडची वरची धार सावली टाकते आणि दुपारी पूर्वेकडची. म्हणून बाराच्या रेघा दोन हव्यात, मध्ये बरोबर १० मिमी फट, आणि सकाळचा व दुपारचा चाप आपापल्या धारेपासून मोजलेला. चाप एकच आखला आणि पत्र्याच्या मध्यरेषेवर बसवला, तर दोन्हीकडे ५-५ मिमी चूक. दीड मीटर त्रिज्येला १ मिनिट म्हणजे ६.५ मिमी, तेव्हा ४५ सेकंद तिथेच गेले. पत्रा सुरीसारखा घासून धार एकच ठेवतात तोही उपाय आहे, पण सार्वजनिक जागी टोकदार पत्रा लावू नका.

मोडीवाचक:
‘धार’ लिहिलंत तर लोक बोट लावून बघतील. ‘कर्ण’ का नको? त्रिकोणी भिंतीची तिरकी बाजू म्हणजे कर्णच. जयपूरच्या जंतरमंतरमधलं प्रचंड सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, बघा, २७ मीटर उंच भिंत आणि ध्रुवाकडे चढत गेलेला जिना. मुळात ते बांधणाऱ्या राजा जयसिंगाच्या पदरी असलेले जगन्नाथ पंडित महाराष्ट्रातले, त्यांना ‘सम्राट’ ही पदवी, त्यावरूनच यंत्राचं नाव पडलं.

उपच्छाया:
जगन्नाथ सम्राटांचा ‘सम्राट सिद्धांत’ हा ग्रंथ खरा, पण यंत्राचं नाव यंत्रांतला राजा या साध्या अर्थाने लागतं. नावात नाव दिसलं की व्युत्पत्ती झाली असं नसतं. बाकी ‘कर्ण’ मला चालेल, अडचण एवढीच की ऐकणाऱ्याला आधी कवचकुंडलं आठवतात.

तळटीप:
मूळ मजकुरात आणखी एक वाक्य आहे, ‘मोठं असल्यामुळे हे घड्याळ अतिशय अचूक आहे.’ इथे अचूक की सूक्ष्म?

गिलावा:
दोन्ही नको, वाक्यच काढा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाहून जरा मोठं दिसतं, म्हणून सावलीच्या कडेला दोन मिनिटं रुंदीचा धूसर पट्टा असतोच. दीड मीटरला तो १४ मिमी, जयपूरला सुमारे १५ मीटर त्रिज्येला १४ सेंटिमीटर. त्रिज्या दहापट केली की मिनिटं दहापट रुंद होतात आणि धूसरपणाही दहापट, गुणोत्तर तेच. जयपूरला २ सेकंदांच्या खुणा कोरल्यात, त्या सूक्ष्म आहेत. नुसत्या डोळ्याने २ सेकंद अचूक वाचता येतात असा त्याचा अर्थ नाही. मोठेपणाचा फायदा गवंड्याला. आखणीत २ मिमी चूक झाली तर दीड मीटरला १८ सेकंद जातात, १५ मीटरला जेमतेम २.

उपच्छाया:
धूसर पट्ट्यातून वेळ काढायची युक्ती फलकावर जरूर लिहा. बारीक काडी धारेला समांतर, चापाच्या एक-दोन सेंटिमीटर वर धरायची. उजेडाकडून गडद सावलीकडे सरकवत नेली की काडीची सावली एका जागी विरून जाते. ती खूण धरायची. ही बिंबाच्या कडेची खूण, मध्याची नव्हे, त्यामुळे सकाळी घड्याळ मिनिटभर पुढे वाचलं जातं आणि दुपारी मिनिटभर मागे. सकाळी एक मिनिट वजा, दुपारी एक मिळवा.

मोडीवाचक:
‘धूसर पट्टा’ कशाला, उपच्छाया हा शब्द असताना? सदस्यनाम घ्यायचं आणि शब्द वापरायचा नाही!

उपच्छाया:
ग्रहणाच्या लेखात वापरते. काडी हातात घेतलेल्या माणसाला ‘जिथे सावली विरते’ एवढं पुरतं.

कासराभर:
फलकावर ‘हे घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ यांत फरक का’ हेही असेलच. तिथे सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतल्या फरकाला ‘कालसमीकरण’ लिहू नका, लोक क्ष शोधत बसतात. आपल्याकडे तयार शब्द आहेत. रेखांशामुळे पडणारं ते देशांतर. पुण्याचा रेखांश ७३.८६, प्रमाणवेळेचा ८२.५, फरक ८.६४ अंश, गुणिले ४ म्हणजे साडेचौतीस मिनिटं. हे कायमचं. दर दिवशी बदलणाऱ्या फरकातला क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेच्या) तिरकेपणाचा भाग तो उदयांतर आणि कक्षेच्या लंबवर्तुळाचा तो भुजांतर. दोन्ही मिळून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. म्हणून पुण्यात मध्यान्ह कधी १२ वाजून ४९ मिनिटांनी, कधी १२ वाजून १८ मिनिटांनी.

मोडीवाचक:
मध्याह्न. ह आधी, न नंतर.

कासराभर:
मराठीत मध्यान्ह रूढ आहे. उच्चारही तोच करतो आपण, तुम्हीसुद्धा.

मोडीवाचक:
चुकीचं रूढ झालं म्हणून ग्रॅनाइटवर कोरायचं? मग चिन्हाचं चिह्न करून दाखवा असं म्हणाल. तिथे मराठीने न पुढे आणला हे मला मान्य आहे, तरी तत्सम शब्द...

ओळंबा:
तरी काय? चिन्ह चालतं तर मध्यान्हही चालेल.

गिलावा:
मध्यान्ह कसाही लिहा, पण त्या क्षणी उत्तर दिशा नीट पकडा. होकायंत्राने नाही, काँक्रीटमधल्या सळया सुई ओढतात. ओळंब्याची दोरी टांगा, लंबक पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे झुलणार नाही, आणि त्या तारखेच्या गणिती मध्यान्हाला दोरीच्या सावलीवर दोन खुणा करा. हे काम डिसेंबरात. तेव्हा दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, सावली लांब पडते, १० सेकंद चुकले तरी दिशा ०.०६ अंशानेच चुकते. मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो, दोरीला सावलीच उरत नाही, आणि नेमकं सुट्टीत काम उरकायचं म्हणून लोक तेव्हाच करतात. उत्तर चुकली तर होणारी चूक ऋतूप्रमाणे बदलते, तक्ता लावून ती भरून निघत नाही. पत्रा उखडावा लागतो.

कासराभर:
जुनी रीत वर्तुळाची. शंकूभोवती वर्तुळ, सकाळी सावलीचं टोक आत शिरतं तिथे खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे खूण, दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम. तीही अयनदिनाजवळच, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाजवळच करावी. विषुवदिनाजवळ सकाळ ते दुपार सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) बदलते आणि रेघ किंचित तिरपी येते.

ओळंबा:
बघा, शंकू शेवटी लागलाच.

उपच्छाया:
लागला, आणि उभाच. माझं म्हणणं तेच आहे. आणि ओळंबा, तुमची पलभा पळ आणि भा अशी फोडू नका म्हणजे झालं.

ओळंबा:
मी कुठे फोडली? पण चोवीस सेकंदांचा पळ नाही तर मग कुठला?

उपच्छाया:
पलांश म्हणजे अक्षांश, तो पल. भा म्हणजे सावली.

मोडीवाचक:
भा म्हणजे प्रकाश!

उपच्छाया:
काव्यात. गणिताच्या ग्रंथांत भा म्हणजे सावली.

तळटीप:
सगळ्यांचे आभार. सध्या ‘ध्रुवाकडे रोखलेली तिरकी धार’ असं लांबलचक लिहिलंय. दगडवाला अक्षरामागे पैसे घेतो. शिवाय शीर्षकात ‘सूर्यघड्याळ’ आहे तिथे कुणीतरी ‘धूपघडी’ करा म्हणतंय.

कासराभर:
मराठीत धूप देवापुढे आणि घडी कपड्याची. सूर्यघड्याळच ठेवा.

मोडीवाचक:
घड्याळ घटिकेवरून, म्हणजे पाण्याच्या वाटीवरून. सूर्याच्या यंत्राला पाण्याचं नाव? छायायंत्र म्हणा.

गिलावा:
‘तास’ही फारसीत वाटीच. मग चापावरचे आकडेही काढायचे का?