शांता आपटे यांच्या कारकिर्दीवर कार्यक्रम करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ
नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याला एका जुन्या कलावंतावर दोन तासांचा कार्यक्रम होतो. येत्या फेब्रुवारीत तो शांता आपटे यांच्यावर करावा असे मी सुचवले आणि ते मान्यही झाले, कारण २४ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन आहे. १९६४ साली त्या दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तयारीला बसल्यावर मात्र अडचण लक्षात आली. ज्यांना विचारले त्या बहुतेकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी त्यांनी केलेले उपोषण. आणि दुसरी, एका चित्रपटविषयक मासिकाच्या संपादकाला त्यांनी त्याच्या कचेरीत जाऊन छडीने मारल्याची कथा. या कथा ऐकायला रंगतदार आहेत, पण दोन तास त्यांवरच घालवले तर शांताबाई एक तापट बाई म्हणून लोकांच्या लक्षात राहतील आणि अभिनेत्री व गायिका म्हणून त्यांनी जे केले ते बाजूलाच पडेल, अशी मला भीती वाटते.

माझ्या आजीने लग्नानंतर थोड्याच दिवसांत ‘कुंकू’ पाहिला होता. चित्रपटाची गोष्ट ती कधी सांगत नसे. त्यातली नायिका नीरा नवऱ्यासमोर कशी उभी राहते ते मात्र स्वयंपाकघरात आम्हा मुलांना करून दाखवत असे. एरवी पदर सावरत, मान खाली घालून बोलणारी आजी त्या क्षणी ताठ व्हायची. ती ताठ मान तिने कुठून आणली, हे मला या कार्यक्रमातून सांगायचे आहे. त्यासाठी काय दाखवावे, काय ऐकवावे आणि काय वाचावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सुचवावे.

जुनी पाने
आपला विषय वाचून मनापासून आनंद झाला. माझे मत विचाराल तर सुरुवात ‘कुंकू’पासूनच करा आणि निम्मा वेळ त्यालाच द्या. प्रभातचा हा चित्रपट १९३७ चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि मूळ कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. तो हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला आणि नायिकेची भूमिका दोन्ही भाषांत शांताबाईंनीच केली.

मात्र चित्रपट दाखवण्याआधी श्रोत्यांना देवलांच्या ‘संगीत शारदा’ची आठवण करून द्या. म्हातारा वर आणि कोवळी वधू हा विषय आपल्या रंगभूमीवर १८९९ पासून होता. परंतु शारदेचे लग्न ऐन वेळी सगोत्र ठरते म्हणून मोडते. म्हणजे शास्त्रानेच तिची सुटका होते. नीराचे लग्न लागते. मामा पैशासाठी तिला फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. लग्न लागले असले तरी ते मला मान्य नाही, असे म्हणत ती त्याच घरात राहते आणि त्या माणसाला आपल्याजवळ येऊ देत नाही. शारदेची कहाणी पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावत होते. नीरा त्यांची कीव मागत नाही; ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते.

हा नकार किती अवघड होता ते समजण्यासाठी तेव्हाचा कायदाही सांगावा लागेल. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला होता, पण वयातील अंतराला त्यात कोणतीही आडकाठी नव्हती. हिंदू स्त्रीला घटस्फोट मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. म्हणजे नीराने हे लग्न नाकारले तेव्हा त्यातून बाहेर पडण्याचे दारच अस्तित्वात नव्हते. शांताबाईंच्या अभिनयातील धीटपणा मला इथे दिसतो. सुटकेची आशा नसलेल्या मुलीची भूमिका त्यांनी हताशपणे केली नाही. वयाने आपल्याएवढाच असलेला सावत्र मुलगा लगट करू लागतो तेव्हा नीरा हाती छडी घेऊन त्याला चोप देते. तो प्रसंग पाहताना छडीकडे पाहू नका, चेहऱ्याकडे पाहा. त्यावर रागापेक्षा आईपणाचा अधिकार जास्त आहे, आणि हा अधिकार तिने नाकारलेल्या लग्नातूनच तिच्याकडे आला आहे. एवढी गुंतागुंत एका चेहऱ्यावर पेलणे सोपे नव्हे.

केशवराव दाते यांनी उभा केलेला नीराचा नवरा काकासाहेबही विसरू नका. ते दुष्ट वाटत नाहीत, म्हणूनच नीराचा नकार अधिक धारदार होतो. सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत; प्रत्यक्ष आयुष्यातही त्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या होत्या, त्यामुळे या दोघींचे एकत्र प्रसंग पडद्याबाहेरच्या महाराष्ट्राशीही बोलतात.

षड्ज
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण शांताबाईंच्या गाण्याला त्यात जागाच मिळालेली नाही, आणि त्या आधी गायिका होत्या. त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा आणि गायनाचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयातले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या तेव्हा त्यांचे वय फार लहान होते. पुढे प्रभातच्या ‘अमृतमंथन’ने, म्हणजे १९३४ साली, त्यांचे नाव सर्वदूर झाले. कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतरचा तो पहिला चित्रपट आणि संगीत केशवराव भोळे यांचे.

त्या काळात पडद्यावरचे गाणे बहुधा नाटकातल्या पदासारखे असे. नट समोर पाहून उभा राही, गाणे संपेपर्यंत हलत नसे आणि कथानक तेवढ्यापुरते थांबून राही. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलत, हातवारे सहज करत, चालत, वळत, मध्येच समोरच्या पात्राकडे पाहत. आज यात विशेष काय, असे कोणालाही वाटेल. परंतु गाणे हाही अभिनयच आहे, ही समज आपल्या चित्रपटात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत धाडसी काम हेच होय, कारण पंढरपूरच्या बैठकीत शिकलेली मुलगी गाताना हलू लागली तर जाणकार नाक मुरडणारच होते.

ऐकवण्यासाठी ‘अमरज्योती’तील (१९३६, संगीत मास्टर कृष्णराव) ‘सुनो सुनो बन के प्राणी’ अवश्य घ्या. त्या चित्रपटात दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची राणी आहेत आणि शांताबाई राजकन्या. दोन धीट मराठी अभिनेत्री एकाच चित्रपटात आहेत, हेही श्रोत्यांना आवडेल. त्यानंतर ‘कुंकू’ घ्या. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले, पावलांचे आवाज, घरातील भांडी यांवरच भोळे आणि शांताराम यांनी काम भागवले. अशा शांत घरात नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. मुकी, हाकलली जाणारी गुरे होऊ नका, संग्रामात वीर व्हा, असा त्या ओळींचा आशय आहे. मराठी चित्रपटाची नायिका, अंगावर साडी, कपाळी कुंकू, आणि तोंडी इंग्रजी काव्य: १९३७ च्या प्रेक्षकाला हे केवढे नवल वाटले असेल! त्यांचे इंग्रजी उच्चार तपासत बसू नका. त्यांचा श्वास ऐका. शब्द परके आहेत, पण फेक संगीत नाटकातली आहे आणि जिद्द नीराची आहे.

गोदाकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. घटस्फोटाच्या कायद्याचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. एक शंका आहे: उपोषणाचा उल्लेख करावा की टाळावा? आमच्या समितीतील काहींचे म्हणणे असे की, तो कंपनी आणि कलावंत यांच्यातील खासगी वाद होता आणि आदरांजलीच्या कार्यक्रमात तो आणू नये.

फाटकाबाहेर
उल्लेख टाळू नका, मात्र किस्सा म्हणूनही सांगू नका. मी अनेक वर्षे कामगार संघटनेत काम केले आहे, म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

१९३९ साली करारावरून मतभेद झाल्यावर शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तेव्हाची व्यवस्था लक्षात घ्या. नटनटी स्टुडिओच्या महिनेवारी पगारावर असत. कोणते चित्रपट करायचे आणि बाहेर काम करायचे की नाही, हे करार ठरवत असे. ज्या अभिनेत्रीच्या नावावर चित्रपटगृहे भरत होती, तिलाही आपल्या कामाच्या अटी स्वतः ठरवता येत नव्हत्या. अशा वेळी तिने वापरलेले साधन पाहा. उपोषण हे त्या दशकात राजकीय आंदोलनाचे साधन होते, वर्तमानपत्रे त्याची दखल घेत, आणि ते उचलून तिने स्टुडिओच्या दारात ठेवले. चित्रपटातले काम हे काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, हे त्या एका कृतीतून जगजाहीर झाले. वाद खासगी राहू नये म्हणूनच तर ती फाटकाबाहेर बसली होती; तो खासगी होता असे म्हणून आपण तिला पुन्हा आत कोंडल्यासारखे होईल.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातला प्रश्न चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचा आहे. अभिनेत्रींच्या पुस्तकांत आपल्याला आठवणी, भेटीगाठी, छायाचित्रे अपेक्षित असतात. हे पुस्तक मात्र त्या धंद्यातील पिळवणुकीबद्दल, मालक आणि कलावंत यांच्या संबंधांबद्दल सरळ बोलते. स्वतःच्या यशाच्या ऐन भरात एका तरुण अभिनेत्रीने आपल्याच व्यवसायाची अशी झाडाझडती घेणे, ही साधी गोष्ट नाही. जुन्या ग्रंथालयांत त्याची प्रत मिळते का याचा शोध जरूर घ्या. मिळाली तर एखाद्या तरुण मुलीकडून त्यातील दोन पाने वाचून घ्या.

संपादकाला मारल्याची कथा मात्र मी वगळली असती. ती सांगणारा प्रत्येक जण तपशील बदलून सांगतो, आणि श्रोते घरी जाताना तेवढीच घेऊन जातात.

कावेरीकाठ
मी मूळची पुण्याची, पण गेली तीस वर्षे चेन्नईत राहते. शांताबाईंबद्दल मराठीत बोलताना एक तमिळ पान बहुधा गळते, म्हणून लिहिते आहे.

१९४१ च्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्या सावित्री होत्या आणि नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. दिग्दर्शक वाय. व्ही. राव. या चित्रपटासाठी शांताबाई तमिळ शिकल्या आणि त्या भाषेत बोलल्या व गायल्या. प्रभातमधून बाहेर पडलेल्या, पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या एका मराठी अभिनेत्रीने, ज्या भाषेचे कुळच आपल्या भाषेहून वेगळे आहे त्या भाषेत नायिका होणे, आणि तेही एम. एस. यांच्यासारख्या गळ्यासमोर गात, याला मी उपोषणाइतकेच धाडस मानते. मी स्वतः तमिळ शिकताना ‘ळ’च्या जवळच्या एका व्यंजनापाशी कित्येक महिने अडले होते, त्यामुळे या कष्टांची मला थोडी कल्पना आहे. एम. एस. यांना या चित्रपटातून जे मानधन मिळाले त्यातून ‘कल्की’ हे साप्ताहिक उभे राहिले, म्हणून तमिळ रसिकांना ‘सावित्री’ आठवतो; त्यातली सावित्री कोण होती हे त्यांनाही सांगावे लागते.

त्यानंतर लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’ (१९४२) आहे. म्हणजे पुणे, मद्रास आणि लाहोर ही तिन्ही चित्रनगरे त्यांनी दोन-तीन वर्षांत पालथी घातली. पुढची वर्षे मात्र तितकी उजळ नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पार्श्वगायनाची पद्धत स्थिरावली, गाणाऱ्या नायिकेची गरज कमी झाली. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त (१९४६, संगीत वसंत देसाई) शांताबाईंबरोबर तरुण लता मंगेशकर गायल्या आहेत, ते गाणे ऐकताना एक जमाना दुसऱ्याच्या शेजारी उभा असलेला ऐकू येतो.

जुनी पाने
कावेरीकाठ यांनी दिलेली माहिती फार मोलाची आहे. मला फक्त एक भर घालायची आहे. ‘कुंकू’चा शेवट दाखवल्यावर चर्चेला वेळ ठेवा. काकासाहेब पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. नीराची सुटका त्यांच्या मृत्यूने होते. पटकथेने तिचा प्रश्न म्हाताऱ्याच्या पश्चात्तापावर सोडवला, हा माझा जुना आक्षेप आहे. वर सांगितलेला कायदा पाहता दुसरा मार्ग कथाकाराला दिसत नव्हता, हेही खरे. परंतु त्या शेवटामुळे नीराचा नकार पुसला जात नाही, आणि ते श्रेय मी संहितेपेक्षा शांताबाईंना देतो, कारण त्यांनी आधीच्या कुठल्याही प्रसंगात नीराला हळूहळू विरघळू दिलेले नाही. सहानुभूती येते, ती दिसते, पण होकार येत नाही. या दोहोंतील फरक पडद्यावर दाखवू शकणाऱ्या अभिनेत्री त्या काळी विरळाच होत्या.

षड्ज
या आक्षेपाशी मी अर्धाच सहमत आहे; तो शेवट पाहताना माझे मन दर वेळी काकासाहेबांकडेही ओढले जाते, आणि ते दात्यांचे यश आहे. पण चर्चा व्हावी, हे अगदी बरोबर.

गोदाकाठ
सर्वांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. आज समितीची बैठक झाली. ‘कुंकू’तील निवडक भाग आणि त्यावर चर्चा यांसाठी एक तास ठेवला आहे. अर्धा तास गाण्यांना आहे, त्यात ‘अमरज्योती’ आणि ‘सुभद्रा’ दोन्ही घेतली आहेत. उपोषणाचा उल्लेख होईल, करार आणि पगार यांच्या संदर्भासह. ज्यांचा विरोध होता त्यांनीच तो भाग लिहून देण्याचे कबूल केले आहे. पुस्तकाच्या प्रतीसाठी जिल्ह्यातील दोन जुन्या ग्रंथालयांना पत्रे पाठवली आहेत. प्रत हाती आली तर वाचनासाठी आमच्याकडे अकरावीत शिकणारी एक मुलगी तयार आहे. तिला नाटकात जायचे आहे आणि घरातून अजून परवानगी मिळालेली नाही. कावेरीकाठ, ‘सावित्री’तील एखादे तमिळ पद आपल्याला उपलब्ध झाले, तर त्याचा अर्थ मराठीत लिहून द्याल का? त्याखाली आपले नाव घालू.